वाचकांचे प्रश्न : जुन्या फियाटला कमी खर्चात कोणते टायर घालावेत?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे जुन्या गाड्यांच्या टायरविषयी आहेत आणि त्यांतही मोठा वाटा प्रीमियर पद्मिनीच्या मालकांचा आहे. ही गाडी कागदोपत्री पद्मिनी असली तरी आपल्याकडे सगळे तिला आजही ‘फियाट’च म्हणतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती यायची थांबली त्याला आता दोन तपे उलटून गेली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. टॅक्सी होती तोवर तिच्या साइजचे टायर गल्लोगल्ली मिळत होते. ते दिवस संपल्यामुळे घरगुती गाडी सांभाळणाऱ्यांची अडचण झाली आहे, म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : वडिलांनी १९८६ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालू स्थितीत आहे. महिन्यातून तीन-चार वेळा ती गावात फिरते आणि वर्षातून दोन-तीनदा पुण्याला जाते. टायरवर ५.२०-१४ असा आकडा आहे. नक्षी निम्मी शिल्लक आहे, पण बाजूला बारीक भेगा दिसतात. टायरवाला म्हणतो की हा साइज आता मिळत नाही, १७५/६५ आर १४ घाला, आरामात बसतात. सगळा खर्च २० हजारांच्या आत बसवायचा आहे. काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातले ‘बाजूला बारीक भेगा’ हे तीन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नक्षी कितीही शिल्लक असली तरी हे टायर बदलावेच लागतील. रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून संपतो. महिन्यातून चारदा निघणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो. रबराला ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांच्यापासून वाचवणारे मेणासारखे पदार्थ टायरमध्ये मिसळलेले असतात, आणि चाक फिरून टायर दबत-सुटत राहिला तरच ते पदार्थ पृष्ठभागावर नीट येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण पुरेसे मिळत नाही, त्यामुळे त्याला भेगा लवकर पडतात.

टायरचे वय त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असले, तर टायर २००० सालाच्या आधीचा समजावा. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवताना नेमकी ती बाजू आत जाते, म्हणून गाडीखाली वाकून, बॅटरीच्या उजेडात ते वाचावे लागतात. बहुतेक टायर कंपन्यांचे सांगणे असे आहे की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी काढून टाकावा. आपल्या पाचही टायरचे आकडे आधी वाचा. पाचवा म्हणजे स्टेपनी.

स्टेपनीचा उल्लेख मुद्दाम करतो. काही वर्षांपूर्वी पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळजवळ माझ्या फियाटचे मागचे चाक पंक्चर झाले आणि मी डिकीतली स्टेपनी लावली. तिची नक्षी इतकी कोरी होती की साच्यातून निघताना टायरवर राहतात ते रबराचे केससुद्धा तसेच होते. पण दहा किलोमीटर होतात न होतात तोच मागून धडधड सुरू झाली. उतरून पाहिले तर नक्षीचा हातभर लांबीचा पट्टा टायरपासून सुटून मडगार्डवर आपटत होता. चाक काढल्यावर आतल्या बाजूला आकडा दिसला : १८०३. टायर चौदा वर्षांचा होता. ज्या दुकानातून तो घेतला होता, तिथे तो मला ‘कोरा माल’ म्हणून दिला होता आणि कोरा तो होताच. त्याचे वय मात्र मी विचारले नव्हते. खंबाटकीचा घाट अवघ्या काही किलोमीटरवर होता. तिथे चढावर किंवा वळणावर हा पट्टा सुटला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते. म्हणून ५.२०-१४ या मूळ साइजचा टायर कोणी जुन्या साठ्यातून स्वस्तात काढून दिला, तर आधी तारीख वाचावी आणि मगच किंमत विचारावी, एवढा आग्रह मी धरीन.

आता साइज. ५.२०-१४ मधला ५.२० हा आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, म्हणजे सुमारे १३२ मिमी, आणि १४ हा रिमचा व्यास. आपल्याकडे ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात त्या जुन्या पद्धतीच्या टायरची उंची त्याच्या रुंदीच्या जवळपास असे, त्यामुळे या टायरचा एकूण व्यास साधारण ६१ सेंमी भरतो. नवा टायर निवडताना याच मापाच्या जवळ राहायचे आहे. रेडियल, म्हणजे आजच्या पद्धतीच्या आणि मापात ‘आर’ लिहिलेल्या, टायरचे गणित घरच्या घरी करता येते. १६५/८० आर १४ घेतला तर १६५ मिमी ही रुंदी, तिचे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी ही उंची, ती वर आणि खाली मिळून २६४ मिमी. त्यात १४ इंचांच्या रिमचे ३५५.६ मिमी मिळवले की व्यास सुमारे ६२ सेंमी येतो. मूळ टायरपेक्षा हा दीड टक्काच जास्त आहे. स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलांना हाच टायर असल्यामुळे तो तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि कमी खर्चाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

टायरवाल्याने सुचवलेल्या १७५/६५ आर १४ चा व्यास मात्र ५८.३ सेंमीच भरतो. तो रिमवर चढेल, यात शंका नाही. पण गाडी सव्वा सेंमीहून थोडी जास्तच खाली बसेल, गतिरोधकावर सायलेन्सर घासण्याची शक्यता वाढेल, आणि स्पीडोमीटर ६० दाखवील तेव्हा गाडी ५७ च्या आसपासच असेल. वेग चुकीचा दिसतो त्यापेक्षा मला खटकते ते हे की चौथ्या गिअरमध्येही इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतील, आणि १०८९ सीसीच्या त्या वयस्क इंजिनावर पुण्यापर्यंत असा भार टाकू नये. याहून मोठा आक्षेप रिमच्या रुंदीचा आहे. १७५/६५ ला किमान ५ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर तो बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, नक्षी मधोमध फुगते आणि तिथेच झिजते, आणि वळणावर गाडी डुलते. ‘बसतो’ आणि ‘शोभतो’ यांत जसे अंतर असते, तसेच ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांतही असते.

म्हणून १६५/८० घेण्याआधीसुद्धा रिम मोजून घ्या. टायर काढल्यावर रिमच्या दोन उभ्या कडांमधले आतले अंतर टेपने मोजावे. ते ४ इंच, म्हणजे १०२ मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल तर १६५/८० चालेल. त्याहून कमी भरले तर १४५/८० आर १४ हा अरुंद टायर मागवून घ्यावा लागेल. त्याचा व्यास थोडा कमी आहे, पण अरुंद रिमवर तो नीट बसतो. मोजमाप चालू असतानाच रिमच्या आतला गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, तिथे रंगाचा हात द्या आणि चाक फिरवून रिम वाकडी तर नाही ना हे बघा. वाकड्या रिमवर चांगला टायर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

चारही टायर एकदम विकत घेऊ नका. आधी एकच पुढे आणि एकच मागे बसवून पाहू द्या, अशी विनंती दुकानदाराला करा. पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आणि मडगार्डची आतली कड यांत बोट जाते का ते पाहावे. मागे तीन माणसे बसवून, स्प्रिंगचे पाटे दबल्यावर, तीच तपासणी करावी. मूळ टायरपेक्षा हा तीन सेंमीहून थोडा जास्त रुंद आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीचे पाटे किती बसले आहेत यावर उत्तर अवलंबून राहील. जागीच वळवताना स्टेअरिंग पूर्वीपेक्षा जड लागेल. गाडी हलती ठेवून वळवण्याची सवय केली की त्याचे काही वाटत नाही. वजनाची काळजी करण्याचे कारण नाही. या टायरवर ८५ हा भारांक असतो, म्हणजे एका टायरला ५१५ किलो, आणि आपली गाडी पाच माणसांसह त्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते.

आता २० हजारांचा हिशेब. नावाजलेल्या भारतीय कंपनीचा १६५/८० आर १४ साधारण चार ते पाच हजार रुपयांना मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा छापील बिल मागून तो दर तपासा. साडेचार हजारांप्रमाणे चार टायर धरले तर १८ हजार झाले, आणि उरलेल्या दोन हजारांत बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि व्हॉल्व्ह बसवणे आले. ट्यूब घालायच्या असतील तर हात थोडा आखडता घ्यावा लागेल. तिथे एक मार्ग सुचवतो. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडताच तिला अलॉय व्हील आणि रुंद टायर लावणारे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांचे उतरवलेले टायर मोठ्या दुकानांत बऱ्याच कमी किमतीत मिळतात. शंभर-दोनशे किलोमीटर पळालेला, चालू सालातला टायर मिळत असेल तर माझी त्याला पहिली पसंती आहे. घेताना टायर आतून पाहावा, कुठे ठिगळ नको. रिमवर बसणारी कड दुकानातल्या पहारीने फाटलेली नको. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे असावेत. आयएसआयचा शिक्का असल्याची खात्री करावी. कारच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे भारतीय मानक सक्तीचे आहे आणि तो आकडा शिक्क्याजवळच असतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. फियाटचे मूळ गाव इटलीतले तुरीन, आणि सिएट या टायर कंपनीचा जन्मही १९२४ मध्ये त्याच तुरीनमधला. गाडी आली कुर्ल्याला, टायर आले भांडुपला. एकाच गावच्या दोन पाहुण्या मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर येऊन राहिल्या आणि मराठी माणसाच्या घरातल्या झाल्या.

प्रश्न : माझ्याही फियाटचे टायर जुने नायलॉनचे आहेत. चारही एकदम परवडत नाहीत. आत्ता दोन रेडियल घेऊन पुढे लावावेत आणि दोन पुढच्या वर्षी घ्यावेत, असा विचार आहे. स्टेअरिंग पुढच्या चाकांवर असल्याने चांगले टायर पुढे हवेत, हे बरोबर ना? – नाशिक

उत्तर : कृपया असे करू नका. हा समज फार पसरलेला आहे आणि नेमका तोच धोक्याचा आहे. रेडियल टायर वळणावर रस्ता अधिक घट्ट धरतो आणि नायलॉनचा टायर त्यामानाने जास्त सरकतो. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असले की वळणावर गाडीचे तोंड आज्ञेप्रमाणे वळते, पण मागची बाजू सुटून बाहेर जाऊ लागते. ओल्या रस्त्यावर अशी सुटलेली गाडी सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन तर कधीच नको. दोनच घ्यायचे असतील तर दोन्ही रेडियल मागे लावावेत, नायलॉनचे त्यातल्या त्यात ताजे टायर पुढे ठेवावेत, आणि ही व्यवस्था काही महिन्यांपुरतीच, बेताच्या वेगाने चालवण्यासाठी आहे हे लक्षात ठेवावे. तोवर स्टेपनी कोणत्याही जातीची असली तरी एका आसावर ती विजोड ठरणारच. ती लावून पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश जावे, त्यापुढे नाही. पुढे ठेवायच्या नायलॉन टायरना दहा वर्षे उलटली असतील, तर वर्षभर थांबण्यापेक्षा गाडी दोन महिने उभी ठेवून चार टायरचे पैसे जमवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नवे टायर ट्यूबलेस आहेत. जुन्या रिमवर ट्यूब न घालता चालतील का? – ठाणे

उत्तर : बहुतेक जुन्या रिमवर मी ट्यूब घालूनच वापरा असे सांगेन. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमच्या आत, टायरची कड जिथे बसते तिथे, एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी तो कड घसरू देत नाही. ट्यूबच्या काळातल्या रिमवर हा उंचवटा नसतो. काही रिमचा मधला भाग रिव्हेटने जोडलेला असतो आणि तिथून हवा झिरपते. ट्यूब घेताना ती रेडियलसाठी चालणारी आणि त्याच साइजची आहे हे पाहा, आणि टायरच्या आत चिकटवलेला कागदी किंवा प्लॅस्टिकचा स्टिकर नखाने पूर्ण काढून टाका. तेवढ्या एका स्टिकरच्या कडेने घासून ट्यूब पंक्चर झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. ट्यूबवर आणि टायरच्या आत टाल्कम पावडर लावायला विसरू नये.

प्रश्न : रिमोल्ड टायर निम्म्या किमतीत मिळतात. घ्यावेत का? – सोलापूर

उत्तर : घेऊ नयेत. रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेला टायर. ट्रकच्या टायरचा सांगाडा पुन्हा नक्षी चढवण्याच्या हिशेबानेच भक्कम बांधलेला असतो. कारच्या टायरचा तसा नसतो, आणि त्या सांगाड्याचे आधीचे आयुष्य कसे गेले हे आपल्याला कळायला मार्ग नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात डांबर किती तापते हे आपण जाणताच.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली फोक्सवॅगन बीटल आहे. टायरचा साइज ५.६०-१५. परदेशात राहणारा भाचा टायर पाठवतो म्हणतो. मागवावेत का, आणि हवा किती भरावी? – मडगाव

उत्तर : गोव्यात पोर्तुगीज काळात आलेल्या जर्मन गाड्या अजून अनेक घरांच्या अंगणात जपलेल्या आहेत. आपण तो वारसा चालता ठेवला आहे, याचा मनापासून आनंद वाटला. बीटलच्या ५.६०-१५ ला रेडियलमध्ये जुळणारा साइज १६५/८० आर १५ हा आहे. त्याचा व्यास साडेचौसष्ट सेंमी. भाच्याला मात्र तूर्त थांबवा. १२ जून २०२० पासून कारच्या नव्या टायरची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, त्यामुळे पार्सल कस्टममध्ये अडकून पडेल आणि टायरच्या किमतीइतकाच मनस्ताप होईल. आधी पणजी-मडगावच्या दुकानांतून हाच साइज मागणी नोंदवून मिळतो का ते पाहा. न मिळाल्यास, बाजारात सहज मिळतो म्हणून १८५/६५ आर १५ घेण्याचा मोह होईल, पण त्याचा व्यास सव्वादोन सेंमीहून अधिक कमी आहे.

हवेचे उत्तर नीट वाचावे. या गाडीचे इंजिन मागे असल्यामुळे पुढे हवा कमी आणि मागे जास्त लागते. रेडियलवर पुढे १८ आणि मागे २७ पौंडांच्या आसपास. पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरतो, आणि मग वळणावर गाडीची मागची बाजू हलकी वाटू लागते. स्वतःचा हवा मोजायचा गेज घ्या आणि सकाळी, चाके थंड असताना मोजा.

प्रश्न : माझी १९६८ ची फियाट डिलाइट आहे. व्हिंटेज म्हणून नोंद करायची आहे. रेडियल टायर लावल्याने नोंद अडेल का? – कोल्हापूर

उत्तर : जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते, आणि मोठे फेरबदल म्हणून नियमात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख आहे. टायर ही झिजणारी वस्तू आहे, तिच्यामुळे नोंद अडू नये. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही, हे मात्र आधी विचारात घ्या. गाडी रॅलीत किंवा प्रदर्शनात मांडायची असेल तर परीक्षक मूळ पद्धतीचे अरुंद टायर पाहून गुण देतात. आपल्याकडे ताज्या तारखेचे नायलॉन टायर मिळालेच, तर ते त्या दिवसापुरते ठेवावेत आणि एरवी रेडियलवर गाडी चालवावी.

प्रश्न : टायर नवे घातले. गाडी मात्र पावसाळ्याचे चार महिने उभीच असते. ते टिकावेत म्हणून काय करावे? – रत्नागिरी

उत्तर : उभी करण्याआधी चाके धुऊन कोरडी करा आणि नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त भरा. टायर काळाकुळीत दिसावा म्हणून तेल, ग्रीस किंवा डिझेल पुसण्याची पद्धत आपल्याकडे आहे; तिने रबर फुगते आणि सैल पडते, तेव्हा ते करू नका. पंधरा दिवसांतून एकदा गाडी हातभर पुढे-मागे ढकलली तरी पुरे, म्हणजे टायरचा तोच भाग जमिनीवर दबून राहत नाही. चार महिने कोणी घरी नसेल तर आसांखाली लाकडी ठोकळे देऊन चाके अधांतरी ठेवा. गणपतीला गाडी बाहेर काढाल तेव्हा हवा पूर्ववत करायला विसरू नका, आणि स्टेपनीतली हवाही त्याच दिवशी मोजा.